लेक परदेशी शिकायला निघते तेव्हा

जालन्याला सोन्याचा पाळणा म्हणतात. तो पाळणा कोण हलवते ते पाहायचे असेल तर एमआयडीसीत जावे. भट्टीतून निघालेले लालभडक लोखंड रोलिंग मिलमधून सळई होऊन बाहेर पडते आणि ते काढता काढता माणसाची कंबर पन्नाशीच्या आत धरते. अशाच एका मिलमध्ये बावीस वर्षे काढलेल्या एका बांधवाच्या घरी आम्ही गेल्या महिन्यात गेलो होतो. त्यांचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण ही गोष्ट त्यांच्या एकट्याची नाही.

त्यांची थोरली मुलगी फिजिओथेरपीची पदवी घेऊन आली आहे. साडेचार वर्षांचा अभ्यास, त्यात सहा महिने इंटर्नशिप. घरातली पहिली पदवीधर. आल्या आल्या तिने पहिला पेशंट धरला तो बापच. सकाळी ड्यूटीला जाण्याआधी चटईवर पाठीचे व्यायाम करून घेते. वडील आम्हाला हसून म्हणाले, “सुपरवायझरचं ऐकलं नाही कधी, हिचं ऐकावं लागतंय.”

पण हसू फार टिकले नाही. त्यांनी ट्रंकेतून एक फाइल काढली. इंग्लंडच्या एका विद्यापीठाचे पत्र. एक वर्षाचा मास्टर्सचा कोर्स. शहरातल्या एका एजंटाने सांगितले होते, एक वर्ष शिका, तिथल्या सरकारी दवाखान्यात लगेच फिजिओ म्हणून लागा. आठ दिवसांत अनामत भरायची. वडिलांनी पीएफ काढण्याचा अर्ज लिहून ठेवला होता. सही तेवढी बाकी होती.

“भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता. सांगा, सही करू का नको?”

आम्ही म्हटले, आम्ही काही त्यातले जाणकार नाही. आधी कागद तर वाचू. मुलीला मोठ्याने वाचायला लावले. तिसऱ्या पानावर ती थांबली. तेच वाक्य तिने दोनदा वाचले. हा कोर्स पूर्ण केल्याने फिजिओथेरपिस्ट म्हणून नोंदणीचा हक्क मिळत नाही, असे तिथे बारीक अक्षरांत छापलेले होते.

ही गाठ सगळ्यांनीच समजून घ्यावी. शिकायला प्रवेश मिळणे वेगळे आणि काम करायचा परवाना मिळणे वेगळे. ब्रिटनमध्ये ‘फिजिओथेरपिस्ट’ ही पदवी कायद्याने राखलेली आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय कोणालाही ती लावता येत नाही. एक वर्षाचा मास्टर्स बहुधा आधीच फिजिओ असलेल्यांचे ज्ञान वाढवण्यासाठी असतो. मात्र आपल्याकडची पदवी असलेल्यांना इथे घरी बसूनही कौन्सिलकडे नोंदणीचा अर्ज करता येतो. कौन्सिल अभ्यासक्रम आणि अनुभव तपासते. इंग्रजीच्या आयइएलटीएस परीक्षेत एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५ पेक्षा कमी नाही, असे गुण मागते. म्हणजे ज्या दाराची किल्ली मुलीच्या हातात होती, तेच दार एजंट लाखो रुपये घेऊन दाखवत होता, आणि तेही बाहेरूनच.

अमेरिकेची तऱ्हा निराळी. तिथे या धंद्याची पदवी म्हणजे ‘डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी’, साधारण तीन वर्षांची आणि तीही दुसऱ्या पदवीनंतर. आपली पदवी घेऊन जाणाऱ्याला आधी तिची तिथल्या अभ्यासक्रमाशी विषयवार तुलना करून घ्यावी लागते. उणे निघालेले विषय भरून काढावे लागतात, आणि मग राष्ट्रीय परवाना परीक्षा द्यावी लागते. परवाना प्रत्येक राज्याचा स्वतंत्र. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांच्याही आपापल्या तपासण्या व परीक्षा आहेत. तेव्हा देश ठरवण्याआधी त्या देशाच्या नोंदणी मंडळाचे नियम वाचावेत, आणि विद्यापीठाचे पत्रक त्यानंतर.

आता पैशाचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, हे आपल्या घरात लहान मूलही सांगेल. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले आणि १९२० मध्ये पुन्हा जावे लागले, हे आपण कमी सांगतो. पैसा किती दिवस पुरेल हा प्रश्न त्यांनाही चुकला नाही.

आज केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या योजनेत वय ३५ च्या आत, पदवीला किमान ६० टक्के आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, अशा अटी आहेत. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत हवे आणि प्रवेशपत्र विनाअट हवे. म्हणून इंग्रजीची परीक्षा आधी, प्रवेश नंतर आणि शिष्यवृत्ती त्यानंतर, हा क्रम. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळाल्या, तरी केंद्राच्या योजनेसाठी दाखला केंद्राला चालणाऱ्या नमुन्यातच काढावा लागतो. तहसीलच्या चकरा जाहिरात निघाल्यावर सुरू करू नका. तोवर मुदत सरते. अटीही बदलत असतात, त्या दर वर्षी नव्याने वाचाव्यात.

तसे पाहिले तर ही विद्याच समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. १९५० च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. आता आपल्या लेकी उलट दिशेने निघाल्या आहेत, तर त्यांना अडवायचे नाही. फक्त पाठवताना डोळे उघडे हवेत.

त्या घरात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आई म्हणाली, “लेकरू वर्षानं रिकाम्या हातानं आलं असतं तर लोकांनी पोरीला शिकवण्यालाच नावं ठेवली असती.” आम्हाला वाटते, खरी जोखीम हीच होती. पीएफ बुडाला असता तो बुडालाच असता, पण पाठची बहीण दहावीत आहे. तिचीही वाट बंद झाली असती.

मुलगी रडली नाही. म्हणाली, “पप्पा, चूक माझी. मी पान उलटलंच नाही.” वडील म्हणाले, “मला तर वाचताच आलं नसतं बाई. तू वाचलंस ना आज!” आणि त्यांनी तो अर्ज घडी करून ट्रंकेत परत ठेवला. फाडला नाही. कामाला येईल म्हणाले.

आता ती जिल्ह्यातच एका दवाखान्यात अनुभव घेते आहे. विद्यापीठातून गुणांची प्रमाणित कागदपत्रे मागवली आहेत, रात्री इंग्रजीचा अभ्यास करते. जाईल की नाही, कुठे जाईल, ते अजून ठरायचे आहे. पण ठरवणार ती स्वतः, एजंट नव्हे.

आम्ही निघालो तेव्हा दुसऱ्या पाळीचा भोंगा वाजला. वडील डबा घेऊन उठले आणि दारातूनच लेकीने हाक मारली, “पप्पा, वाकताना गुडघ्यातून!”