गाडी निघते, पण थांबते का?

आपल्याकडे टायर बदलण्याचा मुहूर्त टायरच ठरवतो. आतली तार दिसू लागली, पंक्चरवाल्याने हात जोडले, की मग मालक खिशात हात घालतो. तोपर्यंत रिमोल्ड करून, पुढचा मागे आणि मागचा पुढे करून आणखी एक मोसम काढला जातो. यात हसण्यासारखे काही नाही. टेम्पो-पिकअपच्या भाड्यावर ज्यांचे घर चालते, त्यांना प्रत्येक टायरचा हिशेब ठेवावाच लागतो. अशा माणसाला कोणी सांगितले, की नक्षी शाबूत असलेले चारही टायर काढून घरात रचून ठेव आणि पैसे देऊन दुसरे चार बसव, तर तो सांगणाऱ्याला वेड्यातच काढील.

गेल्या दिवाळीनंतर नेमका हाच वाद एका घरात रंगला. मुलगा माझा माजी विद्यार्थी. सध्या कॅनडात, अल्बर्टा प्रांतातल्या कॅलगरी शहरात बांधकामाच्या व्यवसायात आहे. कामासाठी त्याने फोर बाय फोर पिकअप घेतला. हिवाळा तोंडावर आला तसा सोबत्यांनी ‘विंटर टायर’ बसवून घे, म्हणून लकडा लावला. वडिलांची उभी हयात बेळगावहून गोव्याला भाजीचा टेम्पो नेण्यात गेलेली. ते मला म्हणाले, “नवं कोरं टायर काढून ठेवतो म्हणतंय ओ सर पोरगं! चारी चाकं ओढणारी गाडी हाय, वजनाला जड हाय. तिला कशाला पाहिजे हे थेर?” मुलाचा कलही हळूहळू वडिलांकडे झुकला. भूगोल शिकवणारा माणूस म्हणून दोघांनी निवाडा माझ्यावर सोपवला. वरकरणी प्रश्न खर्चाचा. पण त्याच पिकअपमधून रोज सकाळी सून आणि चार वर्षांची नात जातात. तेव्हा तो नीट पाहायला हवा होता.

आधी रबराचा स्वभाव पाहू. थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी तेल बाहेर येत नाही, हे घरोघरी ठाऊक आहे. रबर थिजत नाही, पण थंडीने कडक होते. साधा टायर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ताठर होऊ लागतो. रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत शिरून पकड घेणे हे त्याचे काम. ताठर झाला की ते काम तो सोडतो. आपल्या भागात पारा सहसा दहाच्या वर राहत असल्याने हा अनुभव आपल्याला नाही. कॅलगरीत जानेवारीच्या रात्री उणे २० ही नवलाची गोष्ट नव्हे. विंटर टायरचे रबर अशा थंडीतही मऊ राहील असे बनवलेले असते. शिवाय त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर पातळ चिरा पाडलेल्या असतात. त्या चिरांच्या असंख्य कडा बर्फाला धरतात, खोबणीत बर्फ दाबून बसतो आणि बर्फाला बर्फ चिकटून पकड वाढते.

ही युक्ती काही आजची नाही. फिनलंडमधील एका रबर कारखान्याने, आजच्या नोकियन टायर्सच्या पूर्वसुरीने, १९३४ साली हिवाळ्यासाठीचा पहिला खास टायर बाजारात आणला. विशेष म्हणजे तो मोटारीसाठी नव्हता, मालवाहू ट्रकसाठी होता! मोटारीची पाळी दोन वर्षांनी, १९३६ साली आली. जड गाडीला याची गरज नाही, हा समज तेव्हापासूनच खोटा ठरलेला आहे.

आता वडिलांच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाली, की घसरड्या जागेतून गाडी सहज निघते, चढ चढते. हे खरेच आहे. पण ब्रेक मारल्यावर काय होते? ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतो. तिथे फोर बाय फोरचा काडीचा उपयोग नाही. गाडी थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यातला तळहाताएवढा स्पर्श. वजनाचेही तसेच. जड गाडी रस्त्याला जास्त दाबते खरी. पण तिला थांबवायलाही तेवढाच जास्त जोर लागतो. उलट फोर बाय फोरचा एक छुपा धोका आहे. गाडी बर्फातून झटकन निघाली, की चालकाला रस्ता चांगला असल्याचा भास होतो. तो वेग वाढवतो आणि पहिल्या सिग्नललाच सत्य कळते.

पिकअपची आणखी एक खोड आहे. रिकामा टेम्पो खड्ड्यात कसा मागून उडतो, हे त्या वडिलांना मी सांगायची गरज नव्हती. इंजिनाचे वजन पुढे, हौदा रिकामा, म्हणून मागची चाके हलकी. बर्फावर वळताना अशी गाडी मागून फिरते. तिकडचे लोक हिवाळ्यात मागच्या आसाच्या आसपास वाळूची पोती नीट बांधून ठेवतात. पोत्यांनी मागची चाके दबतात, पण कडक झालेले रबर काही मऊ होत नाही. दोनच विंटर टायर घेऊन भागवण्याचा विचारही सोडून द्यावा. पुढची चाके धरतात आणि मागची घसरतात, अशी गाडी जागच्या जागी गर्रकन फिरते. घ्यायचे तर चारही.

आपल्याकडचे लष्करातून निवृत्त झालेले चालक विचारतील, चाकांना साखळ्या बांधल्या तर? लडाखच्या बर्फात त्याच कामाला येतात. खोल बर्फात, घाटात, सावकाश जायला साखळी उत्तमच. पण मोकळ्या डांबरावर ती रस्ता आणि टायर दोन्ही खाते. रोज शहरात चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणाऱ्याला ती कितीदा बांधणार आणि कितीदा सोडणार?

कायद्याचे म्हणाल, तर क्युबेक प्रांताने २००८ साली हिवाळ्यात विंटर टायरची सक्ती केली. आता तिथे १ डिसेंबर ते १५ मार्च ही मुदत आहे. अल्बर्टात मात्र अशी सक्ती नाही. म्हणूनच तिथे निर्णय मालकाच्या शहाणपणावर येतो. पण कॅलगरीहून पश्चिमेला डोंगर ओलांडून ब्रिटिश कोलंबियात उतरले, की तिथल्या बहुतेक घाटरस्त्यांवर १ ऑक्टोबरपासून नियम लागू होतो. टायरवर ठराविक खूण हवी आणि नक्षी किमान ३.५ मिलिमीटर खोल हवी.

या खुणा ओळखायला शिकावे. ‘एम अधिक एस’ ही खूण चिखल आणि बर्फ यांच्या इंग्रजी आद्याक्षरांची. ती केवळ नक्षीची ठेवण सांगते. तीन शिखरांच्या डोंगरात हिमाचा कण, हे चित्र असेल तर तो टायर बर्फावरच्या पकडीच्या चाचणीत उतरलेला असतो. पिकअपसोबत आलेले ‘ऑल सीझन’ टायर नावाने बारमाही असले, तरी त्यांच्यावर बहुधा हे चित्र नसते. ‘ऑल वेदर’ नावाचा तिसरा प्रकार वर्षभर चालतो आणि त्यावर ते चित्रही असते. जिथे हिवाळा सौम्य, तिथे तो पुरतो. कॅलगरीला मात्र शिनूक नावाचे कोरडे, उबदार वारे रॉकी पर्वतावरून उतरतात. काही तासांत पारा वीस-वीस अंश चढतो, बर्फ वितळतो, आणि रात्री तेच पाणी रस्त्यावर काचेसारखे गोठते. खालचे डांबर दिसत राहते, म्हणून चालक फसतो. अशा गावी खरा विंटर टायरच बरा.

राहिला खर्च. तो एकदम होतो, म्हणून डोळ्यात भरतो. पण एक संच चालतो तेव्हा दुसरा विसावा घेतो. दोन्ही मिळून जास्त वर्षे टिकतात. वेगळ्या लोखंडी डिस्कवर बसवून ठेवले, तर दरवर्षी टायर उतरवण्या-चढवण्याची मजुरीही वाचते. मात्र उन्हाळा येताच ते काढायलाच हवेत. उन्हात मऊ रबर भराभर झिजते. घेताना भार पेलण्याचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नसावा. आणि हवा वारंवार तपासावी. साडेपाच अंश पारा उतरला, की साधारण एक पौंड हवा कमी भरते. १५ अंशांत भरलेला टायर उणे २० ला सहा पौंडांनी खाली आलेला असतो.

माझा निवाडा मी स्पष्ट दिला. चारही बसव, आणि बसवल्यावरही हळू चालव, कारण गोठलेल्या काचेवर कोणताच टायर जादू करत नाही. मुलाने डिसेंबर उजाडण्याआधी ते बसवून घेतले. वडिलांना पटवायला मी एकच प्रश्न विचारला होता. घाटात उतरताना तुमचा जीव कशावर असायचा, इंजिनावर की ब्रेकवर?

हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. आपल्याकडे बर्फ नाही. पण चोर्ला आणि आंबोलीचा पाऊस आहे. गोटा झालेल्या टायरखाली पाणी साचते, बाहेर पडायला खोबण उरलेली नसते, आणि गाडी पाण्यावर तरंगत दरीच्या बाजूला सरकते. खोबणीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, की १.६ मिलिमीटर उरली आणि कायद्यानेही टायर संपला. शेवटच्या मिलिमीटरवर पावसाळा काढू नये. मृग लागण्याआधी एका रविवारी गाडीखाली वाकून चारही टायर आणि स्टेपनी पाहावी. भाजी एक दिवस उशिरा गेली तर तोटा भरून निघतो.