खेळाला शेवट असावा

डोकेदुखी, जागरण, चिडचिड किंवा अभ्यासातील घसरण अशा कोणत्याही कारणाने शाळकरी मूल तपासणीस आले की पालकांचे निदान तयार असते : मोबाईलवरील गेम. आपल्यापैकी अनेक जण त्यावर मान डोलावतात आणि 'मोबाईल बंद करा' एवढे सांगून पुढील रुग्णाकडे वळतात. ताप आहे एवढ्यावर आपण औषध लिहीत नाही. तो केव्हा चढतो, किती दिवसांचा आहे, थंडी वाजते का, हे विचारतो. गेमच्या बाबतीत मात्र एवढीही चौकशी होत नाही. ती व्हावी, असे मला आग्रहाने वाटते.

मी स्वतः अधूनमधून एक गेम खेळतो, हे सांगण्यात मला संकोच वाटत नाही. त्याच्या प्रकाराला 'टॉवर डिफेन्स' म्हणतात. शत्रू ठरावीक वाटेने, लाटेमागून लाट असा चालून येतो. आपण हाती असलेले मर्यादित द्रव्य खर्चून त्या वाटेवर बुरूज उभारावयाचे. मारा बुरूज आपोआप करतात. कोणता बुरूज कोठे आणि केव्हा, एवढेच खेळणाऱ्याने ठरवावयाचे. दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडणाऱ्या मुलाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. आपण सुरतकरांनी तर याचा धडा इतिहासातच पाहिला आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज आले, तेव्हा सुभेदार इनायतखान तापीकाठच्या भक्कम किल्ल्यात दडून बसला. किल्ला वाचला, पण उघडे शहर लुटले गेले. इंग्रज आणि डच यांनी मात्र आपापल्या वखारी राखल्या. बुरूज कितीही मजबूत असला तरी तो शत्रूच्या वाटेवर नसेल तर व्यर्थ, हेच या खेळाचे पहिले सूत्र होय.

मी खेळतो तो गेम 'प्लँट्स व्हर्सेस झोंबीज'. पॉपकॅप या अमेरिकन कंपनीने तो २००९ मध्ये आणला. त्याची रचना जॉर्ज फॅन यांची. घराच्या अंगणात चालती प्रेते शिरतात आणि त्यांना रोपे लावून अडवावयाचे असते. पन्नास सूर्यकण दिले की एक सूर्यफूल लावता येते, शंभर दिले की वाटाणे झाडणारे रोप. सूर्यफूल कोणालाही मारीत नाही, ते फक्त नवे सूर्यकण देत राहते. पहिल्या लाटा सौम्य असतात तेव्हा जो सूर्यफुलांत गुंतवणूक करतो तो पुढे तरतो; जो घाबरून सारे हल्ल्यावर उधळतो तो मोठ्या लाटेत सापडतो. यामुळे मुलाची बुद्धी वाढते असा दावा मी करणार नाही. बुद्धिबळाचा डाव किंवा पत्ते यांच्याइतकीच ती एक निरुपद्रवी करमणूक आहे. परंतु तिचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. या खेळाच्या मुख्य कथेचे टप्पे पन्नास आहेत. गेम एकदा विकत घेतला की पैशाचा विषय संपतो, हवा तेव्हा तो थांबविता येतो आणि पन्नासावा टप्पा पार पडला की कथा पूर्ण होते.

याच गेमचा दुसरा भाग २०१३ मध्ये आला तो फुकट. मात्र आत वस्तू विकत घेण्याची सोय करून. वरवर किरकोळ भासणारा हा बदल माझ्या मते मूलभूत आहे. पहिल्या भागात कंपनीचे उत्पन्न गेम विकताच पुरे होत असे. दुसऱ्यात ते मूल पुनःपुन्हा परतण्यावर अवलंबून राहते. २०१२ मध्ये आलेल्या 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'मध्ये एखादी इमारत वाढविण्यास खरोखरीचे तास, पुढे तर दिवस लागतात. पैसे मोजले की प्रतीक्षा टळते. मूल शाळेत असताना त्याच्या गावावर दुसऱ्या खेळाडूची धाड पडू शकते. अशा खेळाला 'संपला' ही अवस्थाच नाही. वर्गात बसलेल्या मुलाचे मन तेथे का घुटमळते, याचे उत्तर त्या रचनेत आहे. ते केवळ मुलाच्या स्वभावात शोधणे अन्यायाचे ठरेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. खेळण्यावरील ताबा सुटणे, अन्य सर्व गोष्टींहून खेळास प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे, ही त्याची लक्षणे. आणि ती साधारणतः बारा महिने दिसावी लागतात. त्यात तासांची मर्यादा दिलेली नाही. लहान वयाची गोष्ट वेगळी. दोन वर्षांखालील बालकांना पडदा नको आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला एका तासाहून अधिक नको, ही आपल्या बालरोगतज्ज्ञ संघटनेची शिफारस मी काटेकोरपणे सांगतो. परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलाबाबत केवळ घड्याळाकडे पाहून भागणार नाही.

म्हणून मी तीन प्रश्न विचारतो. हा खेळ कधी संपतो का? मध्येच थांबविला तर काही गमवावे लागते का? तू खेळत नसताना तो तुला हाक मारतो का? उत्तरे मूल अत्यंत प्रामाणिकपणे देते, कारण त्याच्या आवडीच्या विषयाची चौकशी प्रथमच कोणी मोठे माणूस करीत असते. पालकांना मी सांगतो, 'पाच मिनिटांत बंद कर' म्हणण्याऐवजी 'ही लाट संपली की ठेव' म्हणा, आणि मग शब्दावर ठाम राहा. शेवट असलेला खेळ निवडून द्या. हाक मारणारा खेळ असेल तर त्याच्या सूचना आजच बंद करा आणि पैसे भरण्याची वाट मुलाच्या हाती ठेवू नका.

बंदी हा उपाय गुजरातने पाहिला आहे. मार्च २०१९ मध्ये राजकोटला पोलिसांनी पबजीवर बंदी घातली, काही तरुणांना अटकही झाली. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने तो गेम देशभर बंद केला. २०२५ च्या कायद्याने पैसे जिंकण्याच्या आशेने पैसे लावण्याचे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले, हे स्वागतार्हच आहे. परंतु लिंबायत-उधन्यात आई-वडील दोघेही कामावर असताना खोलीत एकट्या राहणाऱ्या मुलाचा प्रश्न कोणत्याही बंदीने सुटत नाही. तेथे चौथा प्रश्न विचारावा लागतो : घरी आणखी कोण असते? कित्येकदा खरे निदान त्या उत्तरात असते, आणि तेथे मोबाईल काढून घेतला तर मुलाचा एकुलता एक सोबती आपण हिरावतो, त्याजागी काहीच देत नाही.

आहार, झोप आणि लसीकरण यांच्या नोंदीखाली आपल्या केसपेपरवर आणखी एक ओळ असावी : मूल कोणता खेळ खेळते. आपल्या सोसायटीच्या सभासदांनी ही ओळ येत्या वर्षापासून लिहावी, एवढीच माझी नम्र सूचना आहे.