डॉक्टरांचे वकीलपत्र

डॉक्टरांविरुद्धच्या दाव्यात प्रतिवादीची बाजू मांडणारा वकील म्हणजे मृताच्या टाळूवरचे लोणी खाणारा, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. आम्हांस तो मान्य नाही. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका विशीतल्या तरुणाची मांडी मोडली. पुण्याच्या रुग्णालयात योग्य भूल न देता, माणसांकडून पाय ओढवून हाड बसविण्यात आले, असे न्यायालयांस आढळले. त्याच रात्री तो गेला. चरबीचे कण रक्तात अडकून मृत्यू आला, हा डॉक्टरांचा बचाव सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढविला गेला. तो पुरता ऐकून मग फेटाळला, म्हणूनच १९६८ च्या त्या निकालाचा आधार वकील अद्यापि घेतात. प्रतिवादीचे तोंड बांधून दिलेल्या निकालास असा मान कोण देता?

मग आमची तक्रार कोणती? पंधरा वर्षांची! आईबापांच्या पदरी पडले तीन हजार रुपये. विलंबाचा दोष एकट्या वकिलांचा नव्हे; न्यायालयांची चाल सर्वांस ठाऊक आहे. परंतु अशिलाची चूक कागदपत्रांवरून उमजल्यावरही जो त्यास तडजोडीचा सल्ला न देता तारखांमागून तारखा मागतो (फी मात्र वेळेवर घेतो!), तो अशिलाचाही वकील नव्हे.