वास सुनेच्या आळसाचा नव्हता

रमजानच्या आधी एका ओळखीच्या घरी जाणं झालं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, घर लखलखीत. पण मगरिबच्या वुजूसाठी बाथरूममध्ये गेलो तर नाक धरावं असा वास. सासूबाईंनी न विचारताच खुलासा केला, "आजकालच्या मुलींना सफाई कुठं जमते?" सून मान खाली घालून उभी. सकाळपासून दोनदा फिनेल टाकलं होतं बिचारीनं. तेवढ्यात वर कुणीतरी फ्लश केला आणि आमच्या पायाखालच्या जाळीतून गुडगुड आवाज आला. तेव्हाच आम्हाला शंका आली, की हा दोष सुनेचा नाही, हवेचा आहे.

जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, बेसिनखाली वाकडा पाइप असतो. त्यात साधारण दोन इंच पाणी कायम अडून राहतं आणि तेवढंच पाणी गटाराचा वायू घरात येऊ देत नाही. उभ्या पाइपातून पाणी कोसळताना ते मागून हवा ओढतं. हवा मिळाली नाही तर ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतं. मग फिनेलच्या कितीही बाटल्या रिकाम्या करा! म्हणूनच हा पाइप गच्चीच्या वर नेऊन उघडा ठेवतात. या इमारतीत गच्चीवर पत्र्याची शेड घालताना कुणीतरी त्यालाच बूच मारलं होतं.

प्लंबरनं सुचवलं, "एअर व्हॉल्व्ह बसवू, झटपट काम." याचं पूर्ण नाव एअर ॲडमिटन्स व्हॉल्व्ह. पाइपात ओढ निर्माण झाली की आतली रबरी चकती उचलते, बाहेरची हवा आत जाते. ओढ थांबली की चकती आपल्या वजनानं बसते, वास बाहेर येत नाही. भिंत फोडायला नको, वरच्या शेजाऱ्याच्या घरातून पाइप न्यायला नको. स्वयंपाकघराचं सिंक मुख्य पाइपापासून लांब गेलं असेल तर ही फार सोयीची वस्तू आहे.

पण ती हवा फक्त आत घेते, बाहेर सोडत नाही. पाइपात उलटा दाब आला, आणि तो खालच्या मजल्यांवर हमखास येतो, तर तिचा उपयोग शून्य. रबर कधीतरी कडक होतं, कचरा अडकतो, आणि मग तिथूनच वास सुटतो. म्हणून ती उभी, आडव्या पाइपाच्या किमान चार इंच वर आणि हात पोचेल अशा जागी हवी. टाइलच्या मागे गाडून टाकणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. त्यांना तिथंच थांबवावं. शिवाय इमारतीत निदान एक पाइप तरी आकाशाकडे उघडा असलाच पाहिजे. इथं नेमका तोच बंद होता. आम्ही म्हटलं, व्हॉल्व्ह राहू द्या, आधी सोसायटीला सांगून बूच काढा. चार दिवस वाद झाला, मग निघालं. गुडगुड थांबली. सासूबाई सुनेला काय बोलल्या ते आम्ही विचारलं नाही.

ट्रॅप नुसता सुकूनही जातो, आणि तिथं व्हॉल्व्ह काहीच करत नाही. २००३ साली हाँगकाँगच्या ॲमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सचे तीनशेहून अधिक रुग्ण निघाले. बाथरूमच्या जमिनीतले ट्रॅप सुकले होते आणि एक्झॉस्ट पंखे मैलापाइपातली हवा घरात ओढत होते, असं चौकशीत दिसलं. आपल्याकडे हजला चाळीस दिवस घर बंद राहतं, आखातातल्यांचे फ्लॅट तर वर्षवर्ष. निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि वर चमचाभर खाद्यतेल सोडा; तेलामुळे पाणी लवकर उडत नाही. किल्ली शेजारी असेल तर महिन्यातून एकदा पाणी ओतायला त्यांनाच सांगा. पाहुण्यांची खोली आणि वापरात नसलेली मोरीही यातच धरा.