स्पर्शाची संथ बाजू

राहू बेटातील गुऱ्हाळांवर पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडून त्याची गोळी बोटांत वळवून पाहणारा गुळव्या काहील उतरवायला सांगतो, तोवर बोटांचा निरोप चेतातंतूंवाटे मेंदूत कधीच पोहोचलेला असतो. तेथे चेतापेशींना आधार व पोषण देणाऱ्या ताराकृती पेशीही, म्हणजे ॲस्ट्रोसाइट, स्पर्शाला प्रतिसाद देतात; पण विजेच्या स्पंदांनी नव्हे, तर कॅल्शियमच्या चढउतारांनी. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट अधिक असते आणि पेशीच्या आतही त्याचे बंदिस्त साठे असतात. चेतापेशींनी सोडलेले ग्लुटामेट हे रसायन ॲस्ट्रोसाइटला भिडले की ते साठे खुले होतात.

१९९१ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या अशा एका पेशीला सूक्ष्म काचनळीचे टोक नुसते टेकवल्यावर कॅल्शियमची लाट शेजारच्या पेशींत पसरलेली दिसली. अर्थात बशीतली पेशी म्हणजे मेंदू नव्हे. २००६ मध्ये मात्र जिवंत उंदराच्या मिशा हलवल्यावर, मेंदूच्या त्या मिशांशी निगडित भागातील ॲस्ट्रोसाइटमध्ये, चेतापेशींच्या मागून काही सेकंदांनी, कॅल्शियम वाढल्याचे आढळले. एवढ्या उशिरा येणारी खूण स्पर्शाची बातमी देत नसणार. पुढच्या स्पर्शासाठी चेतापेशींची संवेदनक्षमता कमीअधिक करणे, हेच तिचे काम असणे अधिक संभवते.

हे देणेघेणे बिघडले तर काय होईल, याचे गणित आज पुण्याच्या आयसरमध्ये असलेल्या सुहिता नाडकर्णी यांनी पीटर युंग यांच्यासह २००३ मध्येच मांडले होते: ॲस्ट्रोसाइटचा प्रतिसाद प्रमाणाबाहेर वाढला, तर बाहेरून चालना नसतानाही चेतापेशी आपोआप स्पंद सोडत राहू शकते, आणि अपस्माराचे एक कारण तेथे असू शकते.

तरीही येथे उत्साहाला थोडा लगाम हवा, कारण स्पर्शानंतर कॅल्शियम वाढते एवढ्यावरून स्पर्शज्ञानाला त्याची गरज आहे असे ठरत नाही. साठे उघडणारे मुख्य प्रथिनच नसलेल्या उंदरांच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस या भागातील चेतासंधींचे, म्हणजे चेतापेशींमधील जोडांचे, काम सुरळीत चालल्याचे २०१० मध्ये दिसले आणि या क्षेत्रात चांगलाच वाद पेटला. पुढे २०१५ मध्ये, ते प्रथिन नसतानाही ॲस्ट्रोसाइटच्या बारीक फांद्यांत कॅल्शियमचे चढउतार चालूच राहतात असे आढळल्याने, आधीच्या प्रयोगांत लाट पुरती थांबलीच नव्हती हा आक्षेप बळावला. त्या फांद्यांमधलेही कॅल्शियम रोखून स्पर्शज्ञान तपासल्याशिवाय हा वाद मिटणे कठीण आहे.