सातबाऱ्यावरचा ‘वर्ग-२’ : नागपूरच्या जमिनीचा विसरलेला इतिहास #थ्रेड

१/ खापरखेड्याच्या आसपास प्लॉट घेणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘सातबारा कोणाच्या नावावर?’ प्रश्न योग्यच. पण उत्तर मिळताच इसार देणे मला धाडसाचे वाटते. आपल्या जिल्ह्यातला सातबारा कळायला दीडशे वर्षे मागे जावे लागते.

२/ १८५४ साली भोसल्यांचे नागपूर राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला. पुढच्या बंदोबस्तात इंग्रजांनी मालगुजारांना, म्हणजे मुळात गावाचा सारा गोळा करून भरणाऱ्यांना, गावाचे मालक ठरवले. पुणे-साताऱ्याकडे रयतवारीतला शेतकरी सरकारशी थेट बांधलेला होता. इथला कास्तकार बहुधा मालगुजाराचे कूळ ठरला. पिढ्यान्‌पिढ्या नांगर त्याचा, मालकी दुसऱ्याची.

३/ १९५० च्या कायद्याने ही व्यवस्था संपवली. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारांचे हक्क शासनाकडे आले. ‘सीर’ आणि ‘खुदकाश्त’ ही घरची शेती त्यांच्याकडे राहिली. पडीक, जंगल, तलाव सरकारजमा झाले. (पूर्व विदर्भातले ‘मामा तलाव’ कोणाच्या मामाचे नव्हेत. माजी मालगुजारी, म्हणून मामा.)

४/ नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी. तिथल्या १९५४ च्या जमीन महसूल संहितेने ‘भूमिस्वामी’ व ‘भूमिधारी’ असे धारक केले. भूमिधारीचे हक्क आखूड. १९६६ च्या महाराष्ट्र संहितेने त्यांना ‘भोगवटादार वर्ग-१’ आणि ‘वर्ग-२’ यांत बसवले. शासनाने शर्तीवर दिलेली जमीनही वर्ग-२ मध्येच येते. सातबाऱ्यावरचा तो लहानसा ‘२’ सांगतो की परवानगीवाचून ही जमीन विकता येत नाही. दलाल म्हणतो, ‘होऊन जाते नं साहेब!’ परवानगीचा आदेश हाती येईपर्यंत काहीही झालेले नसते.

५/ आणि वर्ग-१ असला तरी? गाव नमुना सात धारक दाखवतो, बारा पीक दाखवतो. संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी मानली जाते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. विकत घेणाऱ्याकडे मालकी येते ती नोंदणीकृत विक्रीपत्राने. इसारपत्र आणि मुखत्यारपत्र यांच्या जोडीवर ‘मालक’ होता येत नाही, हे २०११ च्या सूरज लॅम्प निकालाने स्पष्ट केले. तरी असे व्यवहार होतात, कारण ते स्वस्त पडतात.

६/ खापरखेड्याला आणखी एक पदर आहे : वीज केंद्र आणि भोवतालच्या कोळसा खाणी. कोळसाक्षेत्र संपादनाच्या १९५७ च्या कायद्यानुसार कलम ९ ची घोषणा राजपत्रात आली की जमीन केंद्र सरकारकडे जाते. सातबाऱ्यावर मात्र जुन्या धारकाचे नाव त्यानंतरही दिसत राहू शकते. म्हणजे कागद अस्सल, विकणारा प्रामाणिक, आणि तरी विकायला काहीच उरलेले नाही.

७/ म्हणून वकिलाकडून करून घेतला जाणारा तीस वर्षांचा ‘सर्च’ मला इथे अपुरा वाटतो. बँकेचे त्याने भागते. आयुष्याची पुंजी घालणाऱ्याचे भागू नये. मध्य प्रदेश काळातला अधिकार अभिलेख काढा, तिथून आजपर्यंतचा प्रत्येक फेरफार जोडा. कोणत्या फेरफारात बहिणीचे नाव गळले, शर्तीचा शेरा कधी नाहीसा झाला, हे त्या साखळीतच दिसते.

८/ शिवाय दोन कागद हल्ली कोणी मागतच नाही. निस्तार पत्रकात गावाचे चराई-सरपणाचे हक्क असतात. वाजिब-उल-अर्जमध्ये खासगी जमिनीतून जाणारी वाट आणि पाण्याचे हक्क. लेआउटच्या रंगीत नकाशात तुमच्या प्लॉटवरून गावाची वाट गेलेली दिसणार नाही. या कागदात ती दिसू शकते.

९/ शासनाने सातबारा ऑनलाइन केला, डिजिटल स्वाक्षरी दिली. उत्तम. आता प्रत्येक वर्ग-२ नोंदीसमोर तो वर्ग कोणत्या आदेशाने व कोणत्या शर्तीवर आला, हेही छापावे. तोवर मौजा, पटवारी हलका आणि खसरा क्रमांक लिहून घ्या, आणि इसार देण्याआधी तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज टाका.