औषधांची साठा नोंदवही

एप्रिल २०२१ विसरणे शक्य नाही. पुण्यात, नागपुरात, आमच्या नाशिक जिल्ह्यात लोक औषध दुकानांसमोर पहाटेपासून रांगा लावून उभे होते. हातात डॉक्टरची चिठ्ठी, रुग्णाच्या आधार कार्डाची झेरॉक्स आणि तोंडात एकच नाव, रेमडेसिविर. त्या दिवसांबद्दल बोलताना आपण काळाबाजार करणाऱ्यांना शिव्या घालतो आणि विषय संपवतो. शिव्यांना माझी हरकत नाही, ते त्याच लायकीचे होते. पण काळाबाजारवाला तुटवडा पडल्यावर येतो. तुटवडा त्याच्या आधी काही महिने, कुठल्यातरी कार्यालयातल्या शांत टेबलावर तयार झालेला असतो. त्या टेबलाबद्दल मला लिहायचे आहे.

२०२० च्या अखेरीस पहिली लाट ओसरली. २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रेमडेसिविरची मागणी घटली आणि कंपन्यांनी उत्पादन कमी केले. त्यांचे काय चुकले? कारखानदार विकला न जाणारा माल कशासाठी बनवेल? विकला गेला नाही तरी आम्ही घेऊ, अमुक इतका साठा कायम ठेवा, असे लेखी सांगणारा खरेदीदार फक्त सरकारच असू शकते. तशी ऑर्डर नव्हती. मग मार्चमध्ये रुग्ण वाढले, ११ एप्रिलला केंद्राने निर्यात बंद केली, १७ एप्रिलला किमती उतरल्याचे जाहीर झाले, महिन्याला सुमारे ३८ लाख कुप्यांची क्षमता ७८ लाखांवर नेण्याची परवानगी दिली गेली. राज्यात वाटपाचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आले. सगळे निर्णय बरोबर, पण सगळे उशिरा. टोचायच्या औषधाची कुपी भरून झाली की ती जंतुविरहित आहे का, याची तपासणीच चौदा दिवसांची असते. एप्रिलमध्ये दिलेली परवानगी मे महिन्यातल्या रुग्णाच्या कामाची. एप्रिलमधला रुग्ण तोपर्यंत थांबणार नव्हता.

यातली दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितले होते की रुग्णालयात दाखल रुग्णांना रेमडेसिविर देण्याची आम्ही शिफारस करत नाही. (पुढे २०२२ मध्ये काही रुग्णांच्या बाबतीत हे मत बदलले, हेही सांगायला हवे.) याउलट डेक्सामेथासोन या जुन्या, काही रुपयांत मिळणाऱ्या स्टेरॉइडने ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी होतात, हे ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत जून २०२० मध्ये दिसले होते. ज्या औषधाने जीव वाचतो हे सिद्ध होते ते साधे होते. ज्याच्यासाठी आमच्या ओळखीच्या बायकांनी बांगड्या मोडल्या, त्याचा उपयोग शंकास्पद होता. औषध खरेदी कागदावर सुरू होते ती "काय घ्यायचे" या प्रश्नापासून. डॉक्टरांची उपचारपद्धती आणि खरेदी विभागाची यादी एकमेकांना भेटतच नसतील, तर गोदाम भरलेले असूनही उपयोगाचे नसते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. शिकवण्याबरोबर आम्हा शिक्षकांना आणखी बरेच काही करावे लागते, त्यात शालेय पोषण आहार आला. त्याची एक साठा नोंदवही असते. आरंभीची शिल्लक, आज आलेला माल, आज वापरलेला माल, अखेरची शिल्लक. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. आज किती मुले जेवली ते त्याच दिवशी मोबाइलवर भरायचे. शिजवलेले अन्न मुलांना वाढण्याआधी चाखून पाहायचे आणि त्याचीही नोंद करायची. या कामाला आम्ही रोज वैतागतो. पण तांदूळ किती उरला हे मला कोणत्याही दिवशी दोन मिनिटांत सांगता येते, आणि पुढच्या महिन्यात किती लागेल हेही.

आता आपल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि विचारा, मधुमेहाच्या गोळ्या किती दिवस पुरतील? ई-औषधी नावाची संगणक प्रणाली राज्यात आहे. पण नोंद करणारा माणूस एकच, तोच औषधे वाटतो, तोच रांग सांभाळतो. मग नोंद आठवड्याने होते, कधी महिनाअखेरीस. पडद्यावर औषध दिसते आणि कपाटात नसते. तांदळाइतकी शिस्त औषधाला लागू नये, हे मला आजवर कुणी पटवून दिलेले नाही.

हे सगळे जमू शकते याचा पुरावा आपल्याच देशात आहे. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले. त्याची रचना मला एखाद्या हुशार गृहिणीने आखल्यासारखी वाटते. प्रत्येक रुग्णालयाला एक पासबुक, त्यात वर्षाला किती रुपयांची औषधे उचलता येतील ती रक्कम. जिल्ह्याच्या गोदामातून औषध नेले की तेवढी रक्कम वजा. त्यामुळे नको असलेली औषधे वरून माथी मारली जात नाहीत, डॉक्टर स्वतःला लागेल तेच मागतो. गोदामात आलेल्या प्रत्येक बॅचचे नमुने कंपनीचे नाव झाकून तपासणीला जातात. अहवाल चांगला आला की मगच माल पुढे. बहुतेक खरेदी केंद्रातून, थोडी रक्कम मात्र अडीअडचणीला स्थानिक खरेदीसाठी रुग्णालयाच्या हातात. केरळने २००७ मध्ये याच धर्तीवर महामंडळ काढले, राजस्थानने २०११ मध्ये, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मोफत औषध योजना सुरू केली. राजस्थान काही आपल्यापेक्षा श्रीमंत राज्य नाही.

आपण काय केले? २०१७ मध्ये सगळी खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली. हाफकिन या नावाबद्दल मला आदर आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लोक लसीला घाबरत होते तेव्हा तरुण आगाखान, सर सुलतान मुहम्मद शाह, यांनी लोकांसमोर ती टोचून घेतली आणि त्यांच्या खोजा जमातीतले हजारो लोक पुढे आले. मुसलमान लसीला विरोध करतात, असे जे सरसकट बोलले जाते त्यांना मी हा प्रसंग मुद्दाम सांगते. याच इतिहासात दुसरे पानही आहे. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लसीच्या एका बाटलीतून धनुर्वात होऊन १९ माणसे गेली. हाफकिनना दूर केले गेले आणि निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. एक बाटली कुठे उघडली, कुणी हाताळली, याची पक्की नोंद किती मोलाची असते, ते तेव्हापासून ठाऊक आहे.

पण लस बनवण्याची परंपरा असलेल्या संस्थेला हजारो वस्तूंच्या निविदा काढायला सांगणे म्हणजे उत्तम हलवायाला किराणा दुकान चालवायला देणे. निविदा लांबल्या, पुरवठादारांची बिले अडकली, बिले अडकली म्हणून पुढच्या निविदेला कुणी येईना. शेवटी मार्च २०२३ मध्ये विधिमंडळाने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळे होती. औषध तुटवड्याचा आरोप झाला, प्रशासनाने तो नाकारला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि इतर प्रश्नांबरोबर हेही विचारले की नव्या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य अधिकारी का नाही. कायदा झाला, पाटी लागली, खुर्ची रिकामी. शाळेत एखादा विषय वेळापत्रकात असतो आणि शिक्षक नसतो, तसे.

मध्यवर्ती खरेदी अडली की रुग्णालये स्थानिक बाजारातून घेतात, आणि तिथे तपासणीची चाळणी नसते. नागपूरच्या सरकारी रुग्णालयात पोहोचलेल्या बनावट प्रतिजैविकांमध्ये टाल्कम पावडर आणि स्टार्च निघाल्याचे २०२४ मध्ये आपण सगळ्यांनी वाचले. औषध नसणे परवडले असे म्हणायची वेळ! निदान माणूस दुसरीकडे तरी जातो.

आमच्या मालेगावातले लोक साथीत औषध गायब होण्याला नवीन नाहीत. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग पसरला, तेव्हा मी शाळकरी मुलगी होते. सुरतेहून लोक मिळेल त्या गाडीने निघाले आणि त्यांच्याबरोबर भीतीही आली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. ज्यांना गरज नव्हती त्यांनी डबे भरून ठेवले. २०२० मध्ये तर वेगळेच झाले. एप्रिल-मे महिन्यांत यंत्रमाग बंद, गल्ल्यांना बांबू, बरेच खासगी दवाखाने बंद. आमच्या मोहल्ल्यात कोरोनाच्या औषधापेक्षा जास्त धावपळ इन्सुलिन आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी झाली. शेजारच्या खालांचे इन्सुलिन तीन दिवसांनी मिळाले, तेही एका मुलाने धुळ्याहून आणले म्हणून. साथीची तयारी करणाऱ्या याद्यांमध्ये ही रोजची औषधे असायलाच हवीत. साथ आली म्हणून साखर वाढायची थांबत नाही.

पुढच्या वर्षी जमातीच्या पोरांनी वर्गणी काढून ऑक्सिजनचे सिलिंडर जमवले, मशिदीच्या वरांड्यात ठेवले, वही घेऊन कुणाकडे कुठला सिलिंडर गेला ते लिहिले. त्यांचे कौतुक झाले ते योग्यच. पण मला ते कौतुक वाचताना थोडी लाजही वाटायची. पोरे जे करत होती ते पुरवठा व्यवस्थेचे काम होते.

व्यवस्थेने ते केल्याचे उदाहरण आमच्यापासून फार लांब नाही. नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी सप्टेंबर २०२० पासून, म्हणजे लाट ओसरत असताना, जिल्ह्यात ऑक्सिजन प्रकल्प उभे करायला घेतले. दुसऱ्या लाटेत राज्य टँकर शोधत होते. १९ एप्रिल २०२१ ला कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवावे लागले. त्याच दिवसांत या आदिवासी जिल्ह्याकडे स्वतःचा ऑक्सिजन होता. पैसा जिल्हा नियोजनातून आणि इतर सरकारी निधीतूनच आला होता. फरक इतकाच की मागणी नसताना खर्च करण्याची हिंमत एका अधिकाऱ्याने केली. लेखापरीक्षक अशा खर्चाला आक्षेप घेतात, ही खरी अडचण आहे. वापरला न गेलेला राखीव साठा हा अपव्यय मानू नये, असा स्पष्ट शासन निर्णय असला तर दहा अधिकारी असे करतील.

आणि साथ म्हणजे काही फक्त कोरोना नव्हे. यंत्रमागाच्या गावात क्षयरोग ही न ओसरणारी साथ आहे. साधा क्षयही सहा महिन्यांचा उपचार मागतो, पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. मध्ये खंड पडला तर जंतू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो, आणि मग तो तसाच दुसऱ्याला लागतो. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना कळवले की पुरवठ्यात अडचण आहे, तीन महिन्यांपुरती औषधे तुम्हीच घ्या. जिल्ह्याला जमले नाही तर रुग्णाने विकत घ्यावीत, पैसे नंतर मिळतील. रोजावर जगणाऱ्या मजुराला "नंतर मिळतील" म्हणजे काय, हे मुलाच्या वह्यांचे पैसे "पुढच्या आठवड्यात" देणाऱ्या बापाला विचारा. वाईट याचे वाटते की लहान मुलांच्या लसींच्या बाबतीत हाच देश हे नीट करतो. २०१५ पासून ईविन नावाच्या प्रणालीत शीतपेटी सांभाळणारा कर्मचारी फोनवर साठा भरतो, पेटीचे तापमान आपोआप नोंदले जाते, कुठे लस संपत आली ते वर दिसते. लसीसाठी शीतसाखळी सांभाळणारा माणूस नेमलेला आहे. क्षयाच्या गोळीसाठीही निक्षय औषधी ही प्रणाली आहे, पण रिकाम्या गोदामाची नोंद कितीही अचूक ठेवली तरी त्यातून गोळी निघत नाही. खरेदीचा करार साठा संपण्याच्या सहा महिने आधी व्हायला हवा होता.

माझी मागणी छोटी आहे. नगरसेवक मत मागायला येतील तेव्हा गटार आणि रस्त्याबरोबर एवढे विचारा: आमच्या प्रभागातल्या आरोग्य केंद्राच्या दारावर वीस औषधांची नावे आणि आजची शिल्लक रोज सकाळी खडूने लिहाल का? मराठीत आणि उर्दूत. फळा लागला तर आमच्या शाळेत जुना पडून आहे.